बाबांनी बदललेली फळी

“आत्या, खरं सांग, तुला खुर्चीच हवीये ना?”

हा प्रश्न माझा नव्हता. लंबी आणि ढापणी या माझ्या दोन मैत्रिणींनी पैज लावून तो माझ्या गळ्यात मारला होता. अट अशी, की आत्याच्या दुकानात, गिऱ्हाइकं असताना, मोठ्या आवाजात विचारायचा. नाही विचारला तर आठवडाभर दोघींची दप्तरं मी उचलायची. गेल्या वर्षीपर्यंत मी गुपचूप दप्तरं उचलली असती. तेव्हा वर्गात मला ‘म्यूट’ म्हणायचे. मग एकदा शाळेत सकाळच्या सूचना वाचणाऱ्या मुलीचा घसा बसला, बाईंनी समोर दिसले म्हणून माझ्या हातात माइक दिला, आणि अख्ख्या शाळेनं माझं ऐकलं. अख्ख्या शाळेनं! तेव्हापासून मला माझा आवाज फार आवडायला लागलाय. आई म्हणते, ते म्यूटचं बटण परत कुठे मिळतं का बघा.

तर मी विचारलं. आत्याचं चष्म्याचं दुकान म्हणजे एक लांबट खोली. दोन्ही भिंतींना आरसे, त्यामुळे आत चार माणसं असली तरी सभा भरल्यासारखी वाटते. एक पेन्शनर आजोबा नवी फ्रेम नाकावर चढवून स्वतःकडे संशयाने बघत होते. एक बाई मुलाचा चष्मा दुरुस्त व्हायची वाट बघत होती. आत्या त्याच चष्म्याच्या काडीचा स्क्रू पिळत होती. तिने मान वर केली नाही.

“खुर्ची? हो, हवीच आहे,” ती म्हणाली. “ही गिऱ्हाइकांची खुर्ची बघ. पाय हलतोय. जगाच्या खुर्च्या ठोकून देणारा सुतार माझा सख्खा भाऊ, पण निवडणुकीचं नाव काढल्यापासून दुकानाकडे फिरकलेला नाही.”

आजोबा हसले, बाई हसली, सगळ्या आरशांमधल्या बायका हसल्या. दाराबाहेर लंबी आणि ढापणी तर फुटपाथवर बसूनच हसल्या. पैज मी जिंकले. उत्तर मात्र मिळालं नाही, आणि मला ते घरी जाईपर्यंत टोचत राहिलं. कारण प्रश्न मैत्रिणींचा असला तरी तो सगळीकडे चालला होता. भाजीच्या गाड्यावर, बस थांब्यावर, शाळेच्या गेटापाशी. “एवढी वर्षं फुकट राबली, आता वसूल करणार वाटतं,” असं लंबीच्या काकाने लंबीच्याच देखत म्हटलं होतं.

आत्या म्हणजे माझ्या बाबांची मोठी बहीण. पण तिला आत्या सगळेच म्हणतात, तिच्याहून वयाने मोठे असलेलेसुद्धा. दिवा गेला, आत्याला सांगा. कचऱ्याची गाडी आली नाही, आत्याला सांगा. नळाला गढूळ पाणी, बाटलीत भरून आत्याच्या काउंटरवर ठेवा. ती नगरपालिकेत खेपा घालते, पत्रं देते, भांडते. आणि तोवर लोकांचे हाल नकोत म्हणून स्वतःच काहीतरी जुगाड करून देते. कहर म्हणजे नगरपालिकेत आमच्या वॉर्डातून निवडून आलेला मेंबरसुद्धा तिलाच फोन करतो. मी स्वतः ऐकलंय, ती फोन स्पीकरवर टाकते ना, हात लेन्समध्ये अडकलेले असतात म्हणून.

“आत्या, तुमच्या कोपऱ्यावरचा दिवा बंद आहे म्हणे. बघा ना जरा.”

“मेंबर तुम्ही की मी?”

“अहो, मी नावाचा, तुम्ही कामाच्या! हॅ हॅ हॅ!”

त्याचं हसणं थांबायच्या आत आत्या फोन कापते.

या वेळी तिने ठरवलं, नगरपालिकेच्या निवडणुकीला आपण उभं राहायचं. त्यासाठी एक सूचक लागतो, म्हणजे याच वॉर्डातला एक मतदार, जो सही करून सांगतो की या बाईला उभं करा. सही करायला निम्मी वस्ती तयार होती. ढापणीची आई तर पेन घेऊनच आली होती. पण आत्याला सही हवी होती माझ्या बाबांची.

“बाळ्या, तूच कर,” ती घरी येऊन म्हणाली. बाबांना बाळ्या म्हणणारी जगात ती एकटीच. “तुझ्या हातच्या कामावर सगळे डोळे मिटून विश्वास ठेवतात. तू माझ्या मागे आहेस म्हटल्यावर कोणी काही बोलणार नाही.”

बाबा तेव्हा जेवणाच्या टेबलाखाली आडवे पडून टेबलाचा पाय बघत होते. टेबलाला काही झालेलं नव्हतं. बाबांना अवघड बोलणं नको असलं की ते कशाच्या तरी खाली जातात.

“ताई, आपण कामं करणारी माणसं,” टेबलाखालून आवाज आला. “ते राजकारण वगैरे आपलं नव्हे. कामं तर तशीही होतातच की.”

“होतात नाही. आपण करतो.”

“तेच ते.”

“तेच ते नाही रे!” आत्या टेबलावर हात आपटून म्हणाली, आणि खालून “अगं, डोकं!” असं ऐकू आलं. “शनिवारी दुपारपर्यंत मुदत आहे. विचार कर.”

आता पुलाचं सांगते, कारण सगळं तिथेच अडलं.

आमची वस्ती आणि शाळा यांच्या मधे कालवा आहे. त्यावर एक पायपूल आहे, खाली लोखंडी सांगाडा आणि वर लाकडी फळ्या. सांगाडा गंजलाय. फळ्या कुजतात. कुजली की बाबा बदलतात. त्यांना सांगावंसुद्धा लागत नाही. बाबांना हलणारी वस्तू बघवतच नाही, तो त्यांचा आजार आहे. दवाखान्यात नंबर यायची वाट बघताना ते तिथलं बाकडं उलटं करून ठोकतात. मामाच्या लग्नात फोटोला सगळे उभे राहिले आणि बाबा स्टेजच्या मागे एक खिळा शोधत होते. पुलाच्या बहुतेक सगळ्या फळ्या आता त्यांच्याच आहेत. मेंबरने त्यांना ‘आदर्श नागरिक’ म्हणून एक सन्मानचिन्हही दिलं. ते बाबांच्या सुतारकामाच्या कारखान्यात टांगलंय. त्याचं प्लायवूड हलक्या प्रतीचं आहे असं बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, पण काढत मात्र नाहीत.

मुदतीच्या आठवड्यात, सोमवारी, आईच्या पायाखालची फळी मोडली. आई कालव्यापलीकडे बालवाडीत शिकवते. हातात मुलांच्या चित्रकलेचे कागद, आणि एक पाय खाली पोटरीपर्यंत. तिला लोकांनी वर ओढलं. पाय खरचटला, सुजला, आणि सगळी चित्रं कालव्यात वाहून गेली. “पंचवीस हत्ती बुडाले,” घरी आल्यावर आई म्हणाली. बाबा तिच्या पायाला मलम लावून लगेच हत्यारांची पेटी उघडायला लागले.

तेवढ्यात आत्या आली. धापा टाकत.

“बाळ्या, पेटी बंद कर. फळी बदलायची नाही.”

बाबांनी असं बघितलं, जणू तिने आईचा पाय कापायला सांगितला.

आत्याने समजावून सांगितलं. शुक्रवारी नगरपालिकेचा इंजिनियर सगळे पूल बघायला येणार होता. जे वाईट, त्यांचं काम पुढच्या वर्षी धरणार. याआधीही दोनदा असाच इंजिनियर आला होता. दोन्ही वेळा त्याच्या आधी बाबांचा हात फळ्यांवरून फिरलेला, दोन्ही वेळा तो पुलावरून चालत गेला, टाच आपटून बघितली आणि म्हणाला, ठीक आहे की. दोन्ही वेळा आमचा पूल राहून गेला.

“या वेळी त्याला मोडका पूल बघू दे,” आत्या म्हणाली. “चारच दिवस. दोन्ही टोकांना दोर बांधू. सगळ्यांनी मोठ्या रस्त्याने जायचं. त्रास होईल, पण एकदाच होईल.”

संध्याकाळी दुकानात सगळे जमले आणि सगळे हो म्हणाले. बाबाही म्हणाले. म्हणजे, मान हलवली. मी आरशात बघितलं, सगळ्या आरशांमधल्या बाबांनी मान हलवली. इतक्या बाबांनी कबूल केल्यावर कोण शंका घेईल?

मोठा रस्ता म्हणजे आमच्याकडून वळसा घालून, ट्रकांच्या कडेकडेने, नगरपालिकेच्या इमारतीसमोरून शाळेकडे. अर्धा तास जास्त. मंगळवार, बुधवार, गुरुवार आम्ही तिघी तशा गेलो. लंबी लांब टांगा टाकत पुढे, ढापणी ट्रकची धूळ चष्म्यावरून पुसत मागे. रोज नगरपालिकेच्या खाली आलो की पहिल्या मजल्याच्या खिडकीत कोणीतरी चहा पीत उभं असायचं आणि आम्हाला बघायचं. ढापणी म्हणाली, “इथेच राहतात वाटतं हे लोक, कप घेऊन.” मला मजा येत होती. आपण काहीतरी करतोय, सगळे मिळून करतोय, आणि शुक्रवारी त्याचं फळ मिळणार!

बाबांचे मात्र हाल चालले होते. रोज संध्याकाळी ते कालव्याकडे चक्कर मारून यायचे. जेवताना भाकरी कमी खायचे आणि चमचा जास्त फिरवायचे. आईने विचारलं, “अहो, पाय माझा मोडलाय की तुमचा?”

शुक्रवारी सकाळी, आदल्या दिवशीच बाईंची परवानगी काढून, आम्ही तिघी शाळेऐवजी आधी पुलापाशी गेलो. परवानगी मी काढली, ‘नागरिकशास्त्राचा प्रकल्प’ म्हणून. बाई इतक्या खूष झाल्या की मलाच लाज वाटली.

लांबूनच मला काहीतरी खटकलं. दोर नव्हता. लोक पुलावरून येत-जात होते. आणि मधोमध, काळ्या पडलेल्या फळ्यांच्या रांगेत, एक फळी पिवळीधमक. कडा रंध्याने गोल केलेल्या. स्क्रूची डोकी एका ओळीत, खोल बसवलेली, वरून भरून घासलेली. तासलेल्या लाकडाचा वाससुद्धा येत होता. माझ्या बाबांचं काम मी डोळे मिटून ओळखते. मिटावेसेच वाटले.

“म्यूट,” लंबी हळूच म्हणाली, “तुझे बाबा…”

“मला दिसतंय!”

पलीकडून इंजिनियर आला. त्याच्यासोबत मेंबर, पांढरेशुभ्र कपडे, आणि मेंबरसोबत फोटो काढणारा. अलीकडे आत्या आणि दहा-बारा लोक. बाबा त्यांच्या मागे, हात खिशात.

इंजिनियर पुलावरून चालत आला. नव्या फळीवर थांबला. टाच आपटली. खाली बसला आणि बोट फिरवलं.

“अरे वा,” तो म्हणाला. “हे कोणाचं काम?”

लोकांच्या नजरा बाबांकडे वळल्या. मग मेंबरने बाबांना हाताला धरून पुढे ओढलं. “हे आमचे आदर्श नागरिक!”

“फारच सुंदर काम आहे हो,” इंजिनियर म्हणाला. तो माणूस वाईट नव्हता, मनापासून बोलत होता, आणि तेच जास्त वाईट होतं. “आमचे ठेकेदारसुद्धा असं करत नाहीत. अशी देखभाल असेल तर या पुलाला अजून बरीच वर्षं काही होत नाही.”

आणि बाबा हसले. देवाशप्पथ हसले! कोणीतरी त्यांच्या लाकूडकामाचं कौतुक केलं की त्यांच्या चेहऱ्यावर जे येतं ते आलं, त्यांना ते आवरता येत नाही. मग त्यांची नजर आत्याकडे गेली आणि ते हसू तिथल्या तिथे विझलं.

“साहेब, खालचा सांगाडा बघा,” आत्या म्हणाली. तिचा आवाज नेहमीचाच होता, फक्त खालच्या पट्टीत. “लोखंड हाताने सुटतंय. फळी सोमवारी मोडली होती. माझ्या भावजयीचा पाय…”

“मोडली होती ना?” इंजिनियर म्हणाला. “आता नाहीये. ताई, मी आज जे दिसतं तेच धरू शकतो. तुमच्याहून वाईट पूल आहेत, तिथे लोक दोरीला धरून जातात.”

“आपल्या वॉर्डातली माणसं म्हणजे सोनं!” मेंबर म्हणाला, आणि फोटोवाल्याने फोटो काढला. इंजिनियर, मेंबर, मधे बाबा, पायाखाली फळी.

जाता जाता मेंबरने आत्याला नमस्कार केला. “काय आत्या, घरातला एक माणूस ऐकत नाही तुमचं. वॉर्ड कसा ऐकणार?” हॅ हॅ हॅ.

या वेळी त्याचं हसणं कापायला तिच्या हातात फोन नव्हता.

शाळा सुटल्यावर मी एकटीच दुकानात गेले. पैज नव्हती, मैत्रिणी नव्हत्या. शटर अर्धं खाली होतं. आत्या त्या हलणाऱ्या खुर्चीत बसून कोणाचातरी चष्मा पुसत होती. तो कधीचा स्वच्छ झाला होता.

“मी उभी राहत नाहीये,” ती म्हणाली. “तू घरी सांगून टाक. बाळ्याला म्हणावं, सुटलास.”

“पण ढापणीची आई सही करतेय की!”

“सहीचं नाही गं. मेंबर म्हणाला ते खरंच आहे. चार दिवस एक फळी मोडकी ठेवता आली नाही मला.”

मला इतका राग आला की काय करू कळेना. बाबांचा, मेंबरचा, इंजिनियरचा, आणि हो, आत्याचासुद्धा. मी पुन्हा विचारलं, आणि या वेळी प्रश्न माझा होता.

“मग तुला हवं कशाला होतं हे सगळं? खरं सांग. खुर्ची आणि भाऊ आणि विनोद नकोत. लोकांची सेवा वगैरे तर अजिबात नको, ते सगळेच म्हणतात.”

आत्या हसली, पण नेहमीसारखी नाही. चष्मा खाली ठेवला.

“माझं ऑपरेशन झालं होतं, आठवतंय? पित्ताशयाचं. मी हॉस्पिटलात होते तेव्हा भेटायला किती लोक आले! मला बरं वाटलं. मग पहिला माणूस म्हणाला, आत्या, कचरा उचललेला नाही. दुसरी म्हणाली, दिवा गेलाय. नाकात नळी, हाताला सुई, आणि मी तिथून नगरपालिकेला फोन लावतेय. नर्सने फोन काढून घेतला.” ती थांबली. “घरी आले तेव्हा दिवा तसाच बंद. कचरा तसाच. म्हणजे एवढ्या वर्षांत मी केलं काय? काहीच उभं केलं नाही. फक्त मी टेकू लावून उभी आहे. मी बाजूला झाले की सगळं खाली. आणि ज्याने बघायचं, त्याला वाटतं सगळं छान उभं आहे.”

“बाबांच्या फळीसारखं,” मी म्हणाले.

“अगदी. तो आणि मी एकाच कारखान्यातले.” तिने नाक पुसलं. “म्हणून हवी होती खुर्ची. हो, हवी होती, बस्स. तिथे बसून निदान एक पूल असा करायचा होता, की ज्याला तुझ्या बापाची गरज लागणार नाही. आणि खरं सांगू का? पोस्टरवर फोटो बरा यावा असंही वाटत होतं. केस कापून आले होते.”

तेव्हा मला दिसलं. खरंच कापले होते. इतक्या आरशांमध्ये दिसत होते आणि आमच्यापैकी एकानेही विचारलं नव्हतं.

घरी आम्ही तिघं जेवायला बसलो. मीच सुरू केलं, आणि चढ्या आवाजातच.

“आत्या उभी राहत नाहीये. झालं तुमच्या मनासारखं?”

बाबांचा हात थांबला. “असं म्हणाली?”

“तुम्ही मान हलवली होती! सगळ्यांसमोर!”

“हळू बोल,” आई म्हणाली.

“नाही बोलणार हळू! आम्ही तीन दिवस ट्रकची धूळ खाल्ली. आईचे हत्ती बुडाले. सगळ्यांनी ऐकलं, फक्त यांनी नाही!”

बाबा टेबलाखाली जातील असं मला वाटलं. गेले नाहीत. ताटाकडे बघत बोलले.

“काल संध्याकाळी पुलाकडे गेलो होतो. एक माणूस दोर उचलून आत शिरला. खांद्यावर मुलगी, तुझ्या आईच्या बालवाडीतली असेल एवढी. मोडक्या फळीवरून उडी मारली त्याने, मुलीसकट. पलीकडे जाऊन मला हात केला. म्हणाला, घाई आहे.” ते घोटभर पाणी प्यायले. “तो गेल्यावर मला घरी येववेना. तो परत त्याच वाटेने येणार होता ना. काय करायला हवं होतं मी? तू सांग.”

  बाबा चूक नव्हते. आत्या चूक नव्हती. तो उडी मारणारा माणूससुद्धा फक्त उशीर झालेला माणूस होता. आणि या सगळ्या बरोबर माणसांमधून मेंबर फोटो काढून निघून गेला होता! भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं.

“दोन भावंडं,” आई सुजलेला पाय स्टुलावर ठेवत म्हणाली, “एकाला मोडकं बघवत नाही, एकीला जोडलेलं. मधे आमचे पाय.”

मी आईच्या पायाकडे बघत राहिले. निळा-जांभळा. मोडक्या फळीवर एक माणूस दोर उचलून जातो. चांगल्या फळीवरून सगळेच जातात. दोन्हीकडे जाणारे पायच, आणि नगरपालिकेला दिसतं ते फक्त लाकूड. मग मला ती पहिल्या मजल्यावरची खिडकी आठवली, आणि तो चहाचा कप. तीन दिवस तो कपवाला आम्हाला बघत होता. तिघींना. आम्ही तीस असतो तर? सगळे असतो तर?

मी उठून उभी राहिले. खुर्ची मागे सरकली, बाबांची नजर सवयीने तिच्या पायांकडे गेली.

“बाबा, तुमची फळी पक्की आहे. कोणी पडणार नाही. दोर लावायचा नाही, काही काढायचं नाही, ती तशीच राहू दे.”

त्यांनी वर बघितलं.

“पण मी आता तिच्यावरून जाणार नाही. उद्यापासून मोठ्या रस्त्याने जाणार. नवा पूल होईपर्यंत रोज. लंबी आणि ढापणी येणार, त्यांना अजून माहीत नाहीये, पण येणार. सकाळी आम्ही पुलाच्या तोंडाशी उभ्या राहू आणि ज्याला यायचंय त्याला बरोबर घेऊ. घाई असेल त्याने खुशाल तुमच्या फळीवरून जावं. बाकीचे सगळे त्या नगरपालिकेच्या खिडकीखालून चालत जाणार, आणि तिथे आले की मी बोलणार. मोठ्याने. मला मत देता येत नाही, सूचकही होता येत नाही. चालता येतं आणि ओरडता येतं, तेवढं मी करणार.”

“ट्रक असतात त्या रस्त्याला,” आई म्हणाली.

“म्हणून कोणीतरी मोठं माणूस बरोबर लागेल. बाबा, ते तुम्ही बघा. आणि आत्याची मुदत उद्या दुपारपर्यंत आहे. ती नाही म्हणतेय, पण तिने केस कापलेत. तुम्ही दुकानात जा. नुसती तिची खुर्ची ठोकून परत येऊ नका.”

बाबा काहीतरी बोलणार होते. मी बोलू दिलं नाही, माझं संपलं नव्हतं.

“आणि मला उद्यापासून अर्धा तास लवकर उठवायचं. मी कितीही शिव्या दिल्या तरी.”